बंगाली रुपेरी पडद्यावरील स्वप्न आणि जागृती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बंगालच्या कोणत्या ना कोणत्या कलेविषयी सभासदांपैकीच एकेकाने बोलावे, अशी या व्याख्यानमालेची योजना आहे. संगीत, रंगभूमी, शिल्प असे मातब्बर विषय माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतले आणि माझ्या वाट्याला चित्रपट आला. मी समीक्षक नव्हे. अप्रत्यक्ष करांच्या खात्यात तीन दशके काढलेला एक साधा पदवीधर आहे. म्हणून या अफाट प्रांतातील एकच लहानसा तालुका मी आजच्यासाठी निवडला आहे. ज्या रहस्यपटांत स्वप्न आणि जागृती यांच्यामधले कुंपण मोडते, आणि 'मी पाहतो आहे ते खरे की खोटे' हेच मुख्य रहस्य होऊन बसते, अशा चित्रपटांविषयी मी बोलणार आहे.

विषय निवडण्यास आणखी एक खोडकर कारण आहे. बंगाली लोकांच्या मनात आपण मराठी माणसांनी प्रथम प्रवेश केला तो झोपेच्या वाटेने. १७४० नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या इकडे आल्या. त्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणावयास घेतला. पुढे खंदक बुजला, पण 'बर्गी' आल्याचे सांगणारे अंगाईगीत उरले. बाळ झोपी गेले, की आपण येतो! तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार आपल्याला थोडाफार पोचतो, असे मी समजतो.

आमच्या घरातील तरुण मंडळींना हा विषय सांगितला, तर ती ताबडतोब 'इन्सेप्शन' या २०१० सालच्या इंग्रजी चित्रपटाचे नाव घेतात. त्यातील माणसे दुसऱ्याच्या स्वप्नात शिरतात, आणि आपण स्वप्नात आहोत की जागे हे ओळखण्यासाठी खिशात एखादी खुणेची वस्तू बाळगतात. नायकाजवळ एक भोवरा असतो. तो थांबला तर जाग, फिरतच राहिला तर स्वप्न. अखेरच्या दृश्यात भोवरा फिरत असतानाच चित्रपट संपतो. त्याच्याही आधी, १९९७ साली, आलेहांद्रो आमेनाबार या दिग्दर्शकाचा एक स्पॅनिश चित्रपट आला होता. त्यातील नायक एका कंपनीकडून विकत घेतलेल्या स्वप्नात जगत असतो आणि ते त्याला ठाऊक नसते. या साऱ्या चित्रपटांच्या मुळाशी एक श्रद्धा आहे. हे स्वप्न आहे एवढे एकदा कळले, की माणूस त्या स्वप्नाचा धनी होतो, ही ती श्रद्धा.

स्वप्नातच 'हे स्वप्न आहे' अशी जाणीव होणे, याला आपण जाणते स्वप्न म्हणू. त्यासाठी आज रूढ असलेली इंग्रजी संज्ञा फ्रेडरिक व्हान ईडन या डच डॉक्टर-साहित्यिकाने १९१३ सालच्या आपल्या निबंधात वापरली आणि ती चालू झाली. येथे कलकत्तेकरांनी कान टवकारावेत, कारण हेच व्हान ईडन त्याच सुमारास रवींद्रनाथांची 'गीतांजली' डच भाषेत आणीत होते. पुढे १९७५ साली इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न या संशोधकाने याची चाचणी घेतली. गाढ स्वप्नावस्थेत हातपाय जखडलेले असतात, पण डोळ्यांची बुबुळे मोकळी असतात. झोपणाऱ्याने स्वप्नाची जाणीव होताच डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण द्यावयाची, असे ठरले होते. तशी खूण यंत्राच्या कागदावर उमटली. जाणते स्वप्न ही नुसती कविकल्पना नाही, हे त्यामुळे नोंदले गेले. आम्हा कार्यालयीन मंडळींना नोंद झाली की बरे वाटते!

आता बंगालकडे वळू. रवींद्रनाथांची 'क्षुधित पाषाण' ही कथा १८९५ सालची. तिचा नायक चक्क आमच्याच खात्यातला आहे. निजामाच्या राज्यात कापसावरील जकात वसूल करणारा हा अधिकारी बरीच नावाच्या गावी नेमला जातो. (गावाच्या नावाची मौज मराठी माणसालाच कळावी. निजामाचे राज्य आणि कापूस म्हटल्यावर मराठवाड्याचा नकाशा माझ्या डोळ्यांपुढे येतो. पण गाव काल्पनिक आहे.) शुस्ता नदीच्या काठी एका बादशहाचा ओसाड संगमरवरी महाल आहे. कचेरीतला वृद्ध कारकून करीमखाँ बजावतो, की दिवसा खुशाल राहा, पण रात्र काढू नका. साहेब अर्थातच ऐकत नाहीत. मग संध्याकाळी नदीच्या पायऱ्यांवरून स्नानाला उतरणाऱ्या तरुणींची चाहूल लागते. दिसत कोणीच नाही. रात्री कोणी इराणी स्त्री बंद दालनांतून बोलावून नेते. हा गृहस्थ दिवसा कोट-पाटलोण घालून कापसाचे हिशेब तपासतो आणि रात्री मोगली पोशाख चढवून अडीचशे वर्षांपूर्वीच्या जगात वावरतो. दिवसाला रात्र खोटी वाटते. संध्याकाळ झाली, की दिवसभराचे काम, पगार, हुद्दा हेच सारे हास्यास्पद वाटू लागते.

या कथेत मेहेर अली नावाचा एक वेडा आहे. तो रोज पहाटे महालाभोवती फेऱ्या घालतो, लोकांना दूर राहावयास बजावतो आणि हे सारे खोटे आहे म्हणून ओरडतो. पूर्वी तोही त्या महालात राहिला होता. तीन रात्री काढून जिवंत बाहेर आलेला तो एकटाच. बंगाली वाचक मेहेर अलीला शहाण्या वेड्याचे स्थान देतात. मला मात्र त्या फेऱ्यांचे अधिक वाटते. ज्याला हे खोटे आहे असे पक्के कळले आहे, तो तेथून निघून का जात नाही? वादळ असो, पाऊस असो, पहाट झाली की तो हजर. कळले खरे, पण सुटका झाली नाही. हे इंग्रजी रहस्यपटांच्या नेमके उलट आहे. भोवरा थांबला काय आणि फिरला काय, मेहेर अलीच्या फेऱ्या चुकत नाहीत.

या महालाचे मूळ आपल्याला जवळचे आहे. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. ते मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत आणले. रवींद्रनाथांनीही तरुणपणी काही अभंगांचे भाषांतर केले आहे. १८७८ साली सत्येंद्रनाथ अहमदाबादेस न्यायाधीश असताना साबरमतीकाठच्या शाहीबाग महालात राहत, आणि सतरा वर्षांचे रवींद्रनाथ तेथे त्यांच्याजवळ होते. भाऊ कचेरीत गेले, की त्या रिकाम्या दालनांतून हा मुलगा एकटा हिंडे. कथेचे बीज तेथले आहे. त्यानंतर इंग्रजी बोलण्याचा सराव व्हावा म्हणून त्याला मुंबईस डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवण्यात आले, ही हकीकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

तपन सिंह यांनी १९६० साली या कथेवर त्याच नावाचा चित्रपट काढला. जकात अधिकारी सौमित्र चट्टोपाध्याय, रहस्यमय स्त्री अरुंधती देवी, संगीत सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे. तपनबाबू चित्रपटात आले ते ध्वनिमुद्रक म्हणून, आणि ही कथाही डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक अनुभवावयाची आहे. चित्रपटाची अडचण अशी, की कथेत न दिसणारी ती स्त्री पडद्यावर दाखवावीच लागते. एकदा दाखवली, की तिला चेहरा येतो, आणि चेहरा आला की भीती थोडी कमी होते. माझ्या मते कथा चित्रपटापेक्षा वरचढ आहे; तरी सरोदाचे ते स्वर अंधारात ऐकण्यासारखे आहेत. कथेचा शेवट तर आम्हा बदलीवाल्यांच्या आयुष्यासारखा आहे. हा अधिकारी रेल्वेच्या विश्रामगृहात आपली हकीकत सांगत असतो. करीमखाँने त्या इराणी दासीचा इतिहास सांगावयास घेतला, इतक्यावर तो येतो आणि गाडी लागते. कोणी ओळखीचा इंग्रज त्याला पहिल्या वर्गात बोलावून घेतो. कथा तेथेच तुटते. ऐकणाऱ्या दोघांत, हे खरे की थाप, यावरून भांडण होते आणि त्यांचा कायमचा दुरावा होतो.

स्पष्टीकरण देण्याचा मोह ज्यांना आवरला नाही, असेही चित्रपट आहेत. कमाल अमरोहींच्या 'महल'मध्ये, १९४९ साली, दोन अडीच तास आपल्याला झपाटून टाकल्यावर शेवटी कळते, की ती सावली म्हणजे माळ्याची मुलगी. माझ्यापुरता तेथे महाल कोसळतो. उरते ते लताबाईंचे गाणे. त्या गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव म्हणून चित्रपटातील 'कामिनी' या पात्राचेच नाव छापले होते. गाणारीच सावली झाली होती म्हणा ना! 'महल'चे संकलन बिमल रॉय यांचे होते. पुढे गुलजार त्याच बिमलदांच्या हाताखाली तयार झाले, आणि १९९१ साली त्यांनी 'क्षुधित पाषाण'च्या सैल आधाराने 'लेकिन' काढला, तेव्हा निर्मात्या होत्या लताबाई आणि संगीत हृदयनाथांचे. 'लेकिन'ला पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांत लताबाई, हृदयनाथ आणि वेशभूषाकार कोल्हापूरच्या भानू अथैया असे तिघे आपले. बंगालची कथा, राजस्थानची वाळू आणि मंगेशकरांचा सूर यांचा असा संगम पुन्हा झालेला मला ठाऊक नाही. त्यातील नायकही सरकारी नोकरच आहे. जुन्या वाड्यातील वस्तूंची मोजदाद करावयास तो आलेला असतो. गुलजारांनी केलेला बदल महत्त्वाचा आहे. येथे अडकलेली आहे ती रेवा, आणि तिला वाळवंट पार करून देण्याचे काम या यादी करणाऱ्या माणसावर येते. स्वप्न खरे की खोटे हा प्रश्न त्याने कामापुरता बाजूस ठेवला आहे.

सत्यजित राय यांना वगळून कलकत्त्यात कोणी बोलू नये, असा येथील अलिखित कायदा आहे. 'नायक'मधील नोटांच्या डोंगरात रुतणारा उत्तमकुमार सर्वांना आठवतो. ते स्वप्न मार्मिक असले तरी ते स्वप्नच राहते, गाडीतल्या जगात मिसळत नाही. मला सांगावयाचे आहे ते 'देवी'विषयी. हाही चित्रपट १९६० चाच. कथा प्रभातकुमार मुखोपाध्यायांची. कालीकिंकर हा श्रद्धाळू वृद्ध जमीनदार. धाकटी सून दयामयी त्याची सेवा करते. एका रात्री त्याला स्वप्न पडते. देवीचे तीन नेत्र अंधारात तरंगत येतात आणि सुनेच्या मुखावर स्थिरावतात. सकाळी तो सुनेच्या पायांवर डोके ठेवतो. आपण मराठीत 'सूनबाई' म्हणतो. बंगालीत सासरा सुनेला 'बौमा' म्हणतो, म्हणजे त्या हाकेतच 'मा' आहे. हे स्वप्न त्या एका अक्षरातून उगवले असे मला वाटते. सतरा वर्षांच्या पोरीला मखरात बसवतात. एक आजारी मूल योगायोगाने बरे होते आणि दर्शनाला रांग लागते. नवरा उमाप्रसाद कलकत्त्यात शिकलेला. तो ठणकावून सांगतो, की हे खोटे आहे. रात्री तिला घेऊन नावेकडे निघतो, तर नदीकाठी विसर्जन झालेल्या मूर्तीचा सांगाडा पाहून तीच थबकते. मी खरोखरीच देवी असले तर, ही शंका आता तिच्याही मनात शिरलेली असते. शेवटी ज्या पुतण्यावर तिचा जीव, त्याला वैद्याकडे न नेता तिच्या मांडीवर ठेवतात, आणि तो दगावतो.

आता कोणी म्हणेल, की स्वप्नावर विश्वास ठेवणे हाच या घराचा अपराध. पण आपल्या तुकोबांना गुरूपदेश झाला तो स्वप्नात. त्यांनी स्वतःच अभंगात ते सांगितले आहे. बाबाजींनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि ते देण्याचा स्वप्नातच विसर पडला, इतका प्रांजळ तपशील त्यात आहे. पुढे बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश झाला, तोही स्वप्नातच. महाराष्ट्राने या स्वप्नांना कधी पुरावा मागितला नाही. मग तुकोबांचे स्वप्न आणि कालीकिंकरचे स्वप्न यांत अंतर कोठे पडते? मी यावर पुष्कळ विचार केला. तुकोबांनी आपल्या स्वप्नाचे ओझे स्वतःच्या डोक्यावर घेतले आणि जन्मभर वाहिले. कालीकिंकरने स्वप्न आपण पाहिले आणि ओझे सुनेच्या डोक्यावर ठेवले. करखात्याच्या भाषेत बोलावयाचे, तर लाभ कोणाचा आणि भरणा कोणाच्या नावे, हे आधी पाहावे.

हे सारे मी पुस्तकी हौस म्हणून सांगत नाही. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि आमच्याबरोबर भवानीपुरात राहते. गेली काही वर्षे तिला स्मृतिभ्रंश झाला आहे. तिच्या लेखी ती वाईला आहे. पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी साचते. ते गॅलरीतून पाहून ती विचारते, 'गणपतीच्या पायरीला लागलं का रे पाणी?' शेजारी संध्याकाळी शंख वाजतो, की हात जोडते. माझ्या पत्नीला ती 'वहिनी' म्हणते. त्या वहिनी, म्हणजे माझ्या मामी, जाऊन वीस वर्षे झाली. दिवसभर सांभाळणारी आया बंगाली आहे. तिला मराठीचे अक्षर कळत नाही, म्हणून ती प्रत्येक वाक्याला 'हँ माशीमा' म्हणते. आई तिच्यावर अतिशय प्रसन्न असते!

घरातील प्रत्येकापुढे रोज हाच प्रश्न येतो. 'आई, ही वाई नव्हे, कलकत्ता आहे' असे सांगावे का? सांगितले तर ती क्षणभर आपल्याकडे परक्यासारखे पाहते आणि भयभीत होते. डॉक्टरांचा सल्ला आहे, की वाद घालू नये. माझी मुलगी येथेच वाढलेली. ती सहज म्हणते, 'हो आजी, दुसऱ्या पायरीला लागलंय.' आजीचा चेहरा उजळतो. पण हे 'हो' फुकट नसते. पाणी चढते आहे म्हटल्यावर आई रात्री भांडी उचलावयास उठते, दाराची कडी काढू पाहते. मग माझी पत्नी तिच्या उशाशी पहाटेपर्यंत जागी बसते. आईच्या स्वप्नातला पूर माझ्या पत्नीच्या झोपेतून वाहतो.

म्हणूनच मृणाल सेन यांचा 'खंडहर' मला या सर्व चित्रपटांत अधिक जवळचा वाटतो. १९८४ सालचा हा चित्रपट हिंदीत आहे, पण कथा प्रेमेंद्र मित्र यांची, 'तेलेनापोता आविष्कार'. ती मूळ कथा विलक्षण रीतीने सांगितलेली आहे. लेखक वाचकालाच 'तुम्ही' म्हणून उद्देशून, तुम्ही अमुक वेळी तेलेनापोत्याला जाल, तुम्हाला अमुक दिसेल, असे पुढचे भाकीत केल्यासारखे सांगत जातो. कलकत्त्याहून तीन मित्र सुट्टीला एका पडक्या गावी जातात. तेथे यामिनी आणि तिची अंथरुणाला खिळलेली आंधळी आई राहतात. निरंजन नावाचा दूरच्या नात्यातला तरुण यामिनीशी लग्न करण्याचे वचन देऊन गेलेला आहे. त्याचे दुसरीकडे लग्नही झाले आहे. मुलीला ते ठाऊक आहे, आईला नाही. नव्या पाहुण्याचा आवाज ऐकून आई समजते, निरंजन आला. पाहुणा तिचा भ्रम मोडीत नाही. कथेत तर तो, आता पळणार नाही, असे आश्वासनच देतो. त्या क्षणी तरी ते खरे असते. मग तो कलकत्त्यास परततो, तापाने आजारी पडतो, आणि उठतो तेव्हा तेलेनापोता नावाचे गाव खरेच होते की ते तापातले स्वप्न, हेच त्याला उमजेनासे होते.

चित्रपटात तो पाहुणा नसीरुद्दीन शाह आहे, यामिनी शबाना आझमी, आणि आई गीता सेन. तो व्यवसायाने छायाचित्रकार आहे. आईच्या खाटेजवळ तो उभा राहतो, त्या प्रसंगी कॅमेऱ्याबरोबर आपणही यामिनीकडे पाहावे. आईच्या समाधानाची किंमत कोण मोजणार आहे, हे त्या खोलीत तिला एकटीला कळलेले असते. पाहुणा भला माणूस आहे, त्याचे 'हो' मायेचे आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याला गाडी पकडायची आहे. उमाप्रसादाने 'खोटे' म्हटले आणि काही वाचले नाही. याने 'खरे' म्हटले आणि तेही कोणाला तारीत नाही. यांपैकी बरोबर कोण, हे दोन्ही दिग्दर्शक सांगत नाहीत, आणि मी त्यांना त्याबद्दल धन्यवाद देतो. आमच्या घरी आम्ही एवढेच ठरविले आहे, की ज्याने 'हो' म्हटले त्याने त्या रात्री जागावयाचे. मुलीने हा नियम मान्य केला आहे. परीक्षेच्या दिवसांत सूट आहे.

'खंडहर'च्या शेवटी कलकत्त्याच्या स्टुडिओत यामिनीचे छायाचित्र भिंतीवर लागलेले दिसते. तिच्या भेटीचा तेवढा पुरावा त्याच्याजवळ उरतो. तिकडे ती त्याच पडक्या वाड्यात आहे.

माझी वेळ संपत आली आहे. 'क्षुधित पाषाण' कलकत्त्यात प्रथम लागला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. त्या काळी तो चित्रपटगृहात पाहिलेले दोन-तीन ज्येष्ठ सभासद पुढच्या रांगेत बसले आहेत, असे मला चिटणीसांनी सांगितले. मेहेर अलीच्या आरोळीला त्या वेळी प्रेक्षागृहात काय होई, लोक हसत की गप्प बसत, हे मला त्यांच्या तोंडून ऐकावयाचे आहे. चहा येईपर्यंत त्यांनी बोलावे, अशी विनंती करून मी खाली बसतो.